दाजींची मिशी आणि आभाळाचं देऊळ

२२ मार्च, रविवार. पनवेल

पाटी आज लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'चीन दर्शन, अस्सल मराठीतून'. खाली बारीक 'भगवान घरत, गव्हाणकर'. पेंटरने 'दर्शन'मधला रफार 'न'वर दिला होता. तो पुसून नीट करून घेतल्याशिवाय मी शिडी काढू दिली नाही. उरण नाक्यावरून जाणारा माणूस पाटी दोन सेकंद बघतो, पण ते दोन सेकंद चुकीचं कशाला बघेल?

बायकोने, सुनंदाने, नारळ वाढवला. मग नेऱ्याला दाजींकडे जेवायला गेलो. दाजी म्हणजे माझ्या वसुंधराताईचे यजमान. बत्तीस ट्रेलर चालवून आता फार्महाऊसवर आंब्याखाली खुर्ची टाकून बसतात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी मिशीबद्दल लिहावं लागतं. दोन्ही टोकं वर वळलेली, खोबरेल लावून चमकवलेली. लग्नाच्या फोटोत ताईच्या आधी मिशी दिसते. नेरे ते गव्हाण त्यांना कोणी नावाने ओळखत नाही, 'मिशीवाले' म्हणूनच ओळखतात.

"तर काय, चिनी पंडित," दाजी म्हणाले, "दुकान थाटलास. पन तुजी चिनी कोनी आयकली हाय?"

मी म्हटलं, ऐकायला तशी माणसं लागतात.

"म्हंजे कोनीच नाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येऊन विचार केला तर प्रश्न खरा आहे. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात मी सव्वीस वर्षं काढली. खोक्यांवरची अक्षरं बघून बघून ओळखायला लागलो. 'वर', 'खाली', 'नाजूक', 'पाण्यापासून सांभाळा'. मग शब्दकोश घेतला, मग इतिहासाची पुस्तकं, मग फोनवरचे धडे. कोणी शिकवलं नाही. बीजिंगचा नकाशा मला पनवेलच्या नकाशाइतका पाठ आहे. वाचायला मी कोणाला हार जाणार नाही. बोललो मात्र फक्त फोनशी, आणि फोन कधी उलट प्रश्न विचारत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

बीजिंगच्या एजंटचा मेल आला. तिथल्या नियमाप्रमाणे पर्यटनस्थळी माहिती सांगायची तर तिथलाच परवानाधारक गाईड लागतो. बाहेरच्या माणसाला तोंड उघडता येत नाही. भाषांतर करायला हरकत नाही.

हे मला माहीत असायला हवं होतं. सम्राट कुठल्या दिशेला तोंड करून जेवायचा ते माहीत होतं, आणि हे नव्हतं.

अकरा जणांना मी सांगितलेलं आहे की मी स्वतः दाखवणार. संध्याकाळी सगळ्यांना गाळ्यावर बोलावून खरं ते सांगितलं. नवीन पनवेलच्या चारुता मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका, समजूतदारपणे म्हणाल्या, "भगवानराव, मग हिंदी किंवा इंग्रजी बोलणारा गाईड घ्या ना. आपल्या सगळ्यांना समजेल."

"मंग याचा काय उपेग?" दाजी म्हणाले. "यो पाटी लावून फक्त छत्री धरनार?"

मला राग आला. रागात माणूस जे बोलतो तेच बरोबर असतं असं नाही, पण बोलून झालं होतं. मी म्हटलं, गाईड निव्वळ चिनी बोलणारा घेईन. तो बोलेल, मी तिथल्या तिथे मराठीत सांगेन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मध्ये हिंदीचा किंवा इंग्रजीचा एक शब्द लागला तर पाटी उतरवून टाकीन.

"आनि नाय लागला तर?"

"तर तुमची मिशी."

 दाजींनी मिशीचं उजवं टोक दोन बोटांत धरलं, जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंजूर. सोलाव्या तारकेला पयला दिवस ना? त्याच दिवशी काय तो निकाल."

एजंटला लिहिलं, इंग्रजी येणारा गाईड नको. त्याने विचारलं, मग दुसरी कुठली भाषा? मी लिहिलं, तुमचीच. त्याने लिहिलं, त्या दिवशी आमच्या भारत विभागातल्या एकच बाई मोकळ्या आहेत, त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही. मी लिहिलं, उत्तम.

१२ एप्रिल, रविवार

आरशासमोर उभा राहून सबंध निषिद्ध नगरी, म्हणजे बीजिंगमधला सम्राटांचा जुना राजवाडा, बोलून काढली. सुनंदा दारात भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तो तिसऱ्या दालनाचा भाग परवा जास्त चांगला जमला होता."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत काही नाही. पण सात वर्षं कुकरच्या शिट्टीबरोबर तेच ऐकतेय. कुठे अडखळता ते कळतं."

भीती वाटते. इथे लिहितो, कारण दुसरीकडे सांगायची सोय नाही. दाजी बाहेर चेष्टा करतात, ते ठीक. पण पाटी उतरली तर गव्हाणात जन्मभर 'नापास भगवान' म्हणतील. शाळा नववीत सुटली तेव्हा म्हणायचे तसंच.

१५ एप्रिल, बुधवार. बीजिंग

हाँगकाँगला विमान बदलून दुपारी पोचलो. सगळे सुखरूप. रंभाआत्याने विमानात बांगडा खाल्ला. तळलेला, घरून आणलेला. पुढच्या तीन रांगांनी मागे वळून बघितलं. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, आमच्या पट्ट्यातली नाव असलेली धवलारीण. गावात लग्न असलं की मांडवात बसून धवले गाते, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही.

हवेत कापूस उडतोय. झाडांचा आहे, इथे वसंतात असाच उडतो. आत्याला वाटलं कोणाची तरी गादी फाटली.

उद्या.

१६ एप्रिल, गुरुवार. बीजिंग

जेवून आलो आणि लगेच लिहायला बसलो. क्रम चुकायला नको.

सकाळी मी रिसेप्शनवर सगळ्यांचे पासपोर्ट तपासत होतो. काम संपवून वळलो तर आमच्या गाईड, वेनबाई, आलेल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात चांगले बूट, खांद्याला पाण्याची बाटली. सुनंदाशी त्यांची आधीच ओळख झालेली दिसली. दोघी बाजूच्या कोचावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि हसत होत्या. मी गेल्यावर दोघी एकदम उभ्या राहिल्या.

"काय बोलत होतीस?"

"मी कुठे काय," सुनंदा म्हणाली. "छान बाई आहे."

"न बोलताच कळलं?"

"बायकांना कळतं."

मी वेनबाईंना चिनीत नमस्कार केला, नाव सांगितलं आणि तयार केलेलं वाक्य म्हटलं की आज आपण फक्त चिनीत बोलूया, माझ्या लोकांना मी मराठीत सांगेन. त्यांनी सुनंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाल्या, फार चांगलं, मला आनंद होईल. सगळं समजलं. अक्षर न अक्षर. इथली माणसं फार भराभर बोलतात असं फोनच्या धड्यात सांगतात, ते साफ खोटं आहे. बीजिंगची बोली अतिशय स्वच्छ आणि संथ आहे. ही नोंद महत्त्वाची.

निषिद्ध नगरीच्या दक्षिण दरवाजातून आत गेलो. उंबरे गुडघ्याएवढे उंच. वेनबाई म्हणाल्या, उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडा. मी सांगायच्या आधीच रंभाआत्याने खाली वाकून उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला होता आणि लुगडं सावरून ओलांडलाही होता. प्रत्येक दरवाजाला तिने हेच केलं. दरवाजे किती आहेत ते मी तिला मुद्दाम सांगितलं नाही.

पहिल्या मोठ्या चौकात वेनबाईंनी खोल्यांचा आकडा सांगितला, नऊ हजार नऊशे नव्याण्णव आणि अर्धी. स्वर्गाच्या राजाच्या दहा हजार, म्हणून पृथ्वीच्या राजाच्या अर्ध्याने कमी. ही दंतकथा आहे. मोजणी झाली आहे आणि खोल्या नऊ हजारसुद्धा भरत नाहीत. बाईमाणसाला चारचौघांत कशाला दुरुस्त करा, म्हणून मी चिनीत काही बोललो नाही. मराठीत मात्र म्हटलं, "या बाई सांगतात ती गोष्ट गोड आहे, पण खरी नाही." नवल असं की त्याच क्षणी वेनबाई खाली बघून हसल्या आणि त्यांनी मला मान तुकवली. आपण विषय जाणतो हे समोरच्याला चेहऱ्यावरूनच कळत असावं.

मी बोलत असताना त्या छोट्या वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. कंपनीला अहवाल देत असतील. मी जरा जास्त स्पष्ट बोलू लागलो.

दाजी सकाळभर माझ्या पाठीला चिकटून होते. कान टवकारलेले. कुठे हिंदी शब्द निसटतो का बघत होते. दालनांच्या बाजूला पितळेची प्रचंड पातेली ठेवलेली आहेत, त्यात आग विझवायला पाणी भरून ठेवत, आणि थंडीत गोठू नये म्हणून खाली विस्तव घालत. हे मी सांगितलं. आत्याने पातेल्याला हात लावायला घेतला, पहारेकरी धावला.

"यवढा टोप," आत्या म्हणाली, "आपल्या गावान पायजे होता. हल्दीचा मटन एका टोपान झाला असता."

"दोन गावांचा," दाजी म्हणाले.

मी हे भाषांतर करायला तोंड उघडलं तोवर वेनबाई हसत होत्या. आत्याचे हातवारेच तसे असतात.

इथे एक गडबड होता होता टळली. चारुता मॅडमनी पुढे होऊन वेनबाईंना विचारलं, "अच्छा, तो यहाँ का पानी..." एवढ्यात सुनंदाने त्यांच्या दंडाला धरून बाजूला घेतलं. पैज माझी होती, मॅडमची नाही, पण सुनंदा काळजी घेते. दोघी त्या पातेल्यामागे काहीतरी कुजबुजल्या. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात खोडी करणाऱ्या पोरीसारखं काहीतरी होतं. त्यानंतर त्या दिवसभर प्रत्येक प्रश्न मलाच विचारत होत्या. "भगवानराव, जरा बाईंना विचारा बरं." मी विचारायचो, बाई सांगायच्या, मी सांगायचो. मॅडम म्हणायच्या, "वा." एका मुख्याध्यापिकेच्या तोंडून.

जेवायच्या आधी दाजी गायब झाले. त्यांना चुना संपल्याचं दुःख होतं आणि लघवीलाही जायचं होतं. मी शोधायला निघणार तेवढ्यात ते वेनबाईंबरोबर परत आले. मोकळे झालेले, हातात गरम पाण्याचा पेला, शिवाय गुडघ्याला लावायचं मलम.

"हे कसं मागितलंत?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मग सुनंदाकडे. मग बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. 

"खुना केल्या," ते म्हणाले.

"मलमाची खूण कशी केलीत?"

"गुडघा दावला. तू तुजा काम कर."

त्यानंतर दाजींनी पाळत ठेवणं सोडून दिलं. खुशाल इकडे तिकडे बघायला लागले. मला वाटतं त्यांना कळलं होतं की आता चूक सापडणार नाही.

दुपारी थिएनथान. इंग्रजीत टेंपल ऑफ हेवन म्हणतात. मी सगळ्यांना 'आभाळाचं देऊळ' सांगितलं, आणि तेच बरोबर आहे. पूर्वेकडून आत शिरलं की एक लांबच लांब लाकडी ओसरी लागते. तिथे गावातली म्हातारी माणसं बसून पत्ते कुटतात, गातात, विणकाम करतात. आत्या थकली होती, गुरुवारचा उपास, सकाळपासून दोन केळी. ती तिथेच कठड्यावर बसली. वेनबाई म्हणाल्या, मी बसते यांच्याजवळ, तुम्ही तिकिटं बघून या. बरीच मोठी रांग होती. परत आलो तर आत्या बोलतेय आणि वेनबाई ऐकताहेत. मग दोघी मिळून एक जुनं हिंदी सिनेमातलं गाणं गुणगुणू लागल्या. मला आश्चर्य वाटलं नाही. जुनी हिंदी गाणी चीनमध्ये घराघरांत पोचलेली होती हे मी वाचलेलं आहे. अर्थ न कळता शब्द इतके शुद्ध म्हणता येतात, हे मात्र नवीन.

आता पेच आला तो लिहितो.

देवळाच्या चौथऱ्याखाली उभं राहून वेनबाई सांगत होत्या, सम्राट वर्षातून एकदा इथे येऊन आभाळाकडे चांगलं पीक मागायचा. त्याआधी तीन दिवस त्याला... आणि एक शब्द आला. दोन अक्षरी. मला येईना. त्यांनी परत म्हटला. तरी येईना. वाचला असता तर ओळखला असता, कानाला नवा होता. सगळे माझ्याकडे बघत होते. दाजी बघत होते.  'फास्टिंग' म्हणतात ते असेल का, असं मनात आलं होतं, पण विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागलं असतं. तोंडाशी आलेलं गिळलं. डोळ्यांसमोर पाटी दिसली, शिडी लावलेली.

तेव्हा वेनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. घाई केली नाही. तोंडावर हात ठेवला. पोटावर हात फिरवला. मग वळून थेट रंभाआत्याकडे बोट केलं.

"उपास," आत्या म्हणाली. "माजा हाय, तसा."

सुटलो. आणि सुटलो तो असा सुटलो की मग मला कोणी थांबवू शकलं नसतं. मी सांगितलं की आत्यासारखाच तो राजा. एवढा मोठा राजा, पण तीन दिवस मटण नाही, मासळी नाही, दारू नाही, गाणं नाही, राण्यांचं तोंडसुद्धा बघायचं नाही. एकटा एका महालात. बाहेर आख्ख्या देशाचे शेतकरी त्याच्या पोटाकडे डोळे लावून बसलेले, की हा नीट उपास करतो का. कारण याने चोरून खाल्लं तर गव्हाणच्या खाडीपासून नेऱ्याच्या डोंगरापर्यंत भाताचा दाणा भरणार नाही. आणि मग चौथ्या दिवशी पहाटे तो या पायऱ्या चढतो, निळ्या कौलांखाली, जिथे आत चार खांब चार ऋतूंचे, त्याभोवती बारा महिन्यांचे, आणि लोखंडाचा एक खिळा नाही. चढतो आणि म्हणतो, बाबा आभाळा, बघ, मी काही खाल्लं नाही, आता तू दे.

 आमच्या मागे उभे असलेले दुसरे दोन भारतीय, दिल्लीकडचे असावेत, तेही ऐकत थांबले होते.

"तीन दिस मटन नाय," दाजी म्हणाले, "म्हनूनच बादशाई गेली."

वेनबाई इतक्या हसल्या की त्यांना बाटलीचं झाकण लावता येईना. मी अजून भाषांतर केलं नव्हतं. पण वही बाहेर आली होती आणि त्या भराभर लिहीत होत्या.

शेवटी दक्षिणेचा गोल चौथरा. वर छत नाही, नुसतं आभाळ. मधोमध एक गोल दगड. त्यावर उभं राहून बोललं की आवाज चारी बाजूंच्या कठड्यांवरून परत आपल्याकडे येतो. राजा तिथून आभाळाशी बोलायचा. लोक रांगेने एकेक उभे राहून फोटो काढत होते. मी आत्याला समजावलं, "आत्या, ही आभाळाला बोलवायची जागा."

"मंग येवढा काय त्यान," आत्या म्हणाली. "आमी मांडवान तेच करताव."

आणि तिचा नंबर आल्यावर ती दगडावर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, कानावर हात ठेवला आणि धवला सुरू केला. हे कार्यक्रमात नव्हतं आणि मागे रांग होती. तिने नेहमीचा नाही, तिथल्या तिथे जोडलेला गायला:

*निल्या कौलांचा मांडव गो घातला,*
*राजा उपाशी मांडवान बैसला,*
*या गो या आभाला, पाटावर बैसा,*
*तांदूल पिकूं दे दोनी देसां.*

आवाज कठड्यांवर जाऊन परत आला. आत्या दचकली, मग हसली आणि दुसरं कडवं त्या परत आलेल्या आवाजाबरोबर गायलं, दोन धवलारणी असल्यासारखं. रांगेतल्या चिनी म्हाताऱ्या पुढे सरकल्या. कोणी घाई करा म्हटलं नाही. एकीने ताल धरला. सुनंदा आणि इतर बायकांनी ओळी झेलून घ्यायला सुरुवात केली, जशा मांडवात घेतात.

मी अर्थ सांगायला पुढे झालो, पण वेनबाई आधीच त्या म्हाताऱ्यांना काही सांगत होत्या. या वेळी भराभर, मला सगळं पकडता आलं नाही. 'लग्न', 'देवांना आमंत्रण' आणि 'भात' हे शब्द ऐकू आले. आत्या मघाशी ओसरीवर एवढे हातवारे का करत होती ते आता कळलं. सुराला भाषा लागत नाही म्हणतात त्यात तथ्य असावं.

एका चिनी आजीने आत्याचा हात हातात घेतला आणि सोडेचना. दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या. ते भाषांतर करायला मला कोणी सांगितलं नाही.

बसमध्ये बसताना वेनबाई मला चिनीत म्हणाल्या, अगदी हळू, समजावं अशा बेताने, "पंधरा वर्षं मी हे सांगते. राजा, उपास, आभाळ. आज पहिल्यांदा ऐकलं." चिनी माणसं फार औपचारिक असतात, पाहुण्यांशी असंच गोड बोलायची रीत आहे. तरी मी लिहून ठेवतो.

संध्याकाळ झाली होती. सूर्य गेला. मी दाजींकडे वळून विचारलं, "काय मग, लागला एखादा शब्द?"

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. "नाय," ते म्हणाले. "तुज्या तोंडून एक पन नाय."

१७ एप्रिल, शुक्रवार. बीजिंग

भिंत. वर्णन नंतर, पाय दुखताहेत. पैज काल संपली होती तरी वेनबाई आणि मी आजही चिनीतच बोललो, आता सवय झाली.

दाजी एका बुरुजापर्यंत चढले आणि म्हणाले, एवढी लांब भिंत बांधून शेवटी तिकीटच लावायचं होतं तर आधीच लावायचं. तिथल्या बाकावर बसून त्यांनी एका इंदूरच्या जोडप्याला सम्राटाचा उपास समजावून सांगितला. सगळं माझंच, शब्दाला शब्द. फक्त गव्हाणच्या खाडीऐवजी नेऱ्याचा ओढा घातला.

निघताना वेनबाईंनी आत्याला वाकून नमस्कार केला, पायाला हात लावून. त्यांच्याकडे ही पद्धत नाही. आम्हांला बघून शिकल्या असाव्यात. फार चौकस बाई.

२१ एप्रिल, मंगळवार. पनवेल

काल पोचलो. आज गाळा उघडला. अकराच्या सुमाराला समोर एक गाडी थांबली, एक गृहस्थ उतरले. चेहरा ओळखीचा वाटला पण नाव आठवेना. हसत हसत आले आणि खुर्चीवर बसले. बसायची पद्धत बघून कळलं, दाजी.

मिशी नव्हती. वरचा ओठ पांढराफटक, लहान मुलासारखा. मागून वसुंधराताई उतरली. हसून हसून तिला चालता येत नव्हतं, पदर तोंडात कोंबून ती गाडीला टेकून उभी होती. "एकतीस वर्षं झाली," ती म्हणाली, "हा ओठ मी पयल्यांदा बगतेय. बरा हाय."

मला कसंतरी झालं. मी म्हटलं, "दाजी, अहो, ती गंमत होती. मी मागणार नव्हतो."

"पैज ती पैज," दाजी म्हणाले. "दिसभर चिनी बोल्लास ना?"

"बोललो."

"मंग झाला तर."

चारुता मॅडम पेढे घेऊन आल्या. दाजींना बघून त्या आधी थबकल्या, मग डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, पेढ्यातली वेलची डोळ्यांत गेली. पेढ्यांत वेलची नव्हती, मी खाऊन बघितला. मग पुढे येऊन त्यांनी दाजींना वाकून नमस्कार केला. मुख्याध्यापिकेने, एका ट्रेलरवाल्याला. हरलेल्याचा मान राखणं ही मोठी गोष्ट आहे. शिकलेल्या माणसांकडून हे शिकण्यासारखं आहे.

दुपारपर्यंत बातमी फिरली. मिशीवाल्यांची मिशी गेली, हे बघायलाच निम्मं गव्हाण येऊन गेलं. प्रत्येकाने विचारलं, कशी गेली? आणि दाजी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते, पातेली, उंबरे, राजा, उपास. संध्याकाळी दुसऱ्या सहलीची बस भरली, ऑक्टोबरची. भगवान घरत मराठीतून दाखवणार, म्हणून भरली.

एजंटला लिहिलं की पुढच्या वेळीही वेनबाईच हव्यात. चिनीशिवाय एक अक्षर न येणारा गाईड मिळणं हल्ली कठीण झालं आहे. त्याचं उत्तर आलं, त्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं. उद्या सविस्तर लिहीन. सुनंदा म्हणते, तुम्ही राहू द्या, मी बघते. वेनबाईंचा नंबर तिच्याकडे आहे म्हणे.

आता दिवेलागण झाली आहे. दाजी अजून गाळ्याबाहेर खुर्ची टाकून बसले आहेत. समोर रिक्षावाले उभे. "त्यो राजा बोलला, बाबा आभाला, बघ, मी काय खाल्ला नाय." हे वाक्य आलं की त्यांचा हात आपोआप मिशीकडे जातो, तिथे काही सापडत नाही, आणि ते त्याच हाताने गाल चोळून पुढे सांगू लागतात.

पैज हरलेला माणूस इतका खूश कसा, हे मला दिवसभर उमगलं नाही. सुनंदाला विचारलं. ती दाजींकडे बघत होती. म्हणाली, "आठवड्याची धूळ बसलीय हो पाटीवर. पुसून घ्या."

पुसून घेतली. रफार जागेवर आहे.